खोली केवढी आहे?

गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर फाटला. नवा कुठला घ्यायचा, एवढाच काय तो प्रश्न होता. पण उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोचलो कराडला, अण्णांच्या बंद दुकानात.

रविवारची सकाळ. बायको लेकीला घेऊन स्विमिंगच्या क्लासला गेलेली. वाकडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी, चहाचा दुसरा कप आणि सहा वर्षांनी कव्हरमधून बाहेर काढलेला गिटारचा अ‍ॅम्प. ही सहा वर्षं त्याच्यावर आधी मनीप्लांट होता, मग इस्त्रीचे कपडे. कपडे उचलले, प्लग लावला, ट्यूब गरम होऊ दिल्या आणि ई मायनर छेडला.

फर्रर्र.

मिक्सरच्या भांड्यात खडा अडकल्यावर येतो ना, तसा आवाज. केबल बदलली. गिटार बदलली. आवाज तोच. मागून टॉर्च मारून पाहिलं, तर स्पीकरच्या कागदी कोनला चांगली तीन बोटं लांब चीर! घर शिफ्ट करताना फोल्डिंगच्या खुर्चीचा पाय आत घुसला असणार. टेम्पोत अ‍ॅम्पला खेटून खुर्च्या मीच रचल्या होत्या. त्यामुळे भांडायलाही कुणी नाही.

तसं पाहिलं तर फाटका स्पीकर ही रॉकमधली जुनी, मानाची गोष्ट. १९५८ मध्ये अमेरिकेच्या लिंक रेनं ‘रंबल’ वाजवताना तो घाणेरडा, सुंदर आवाज मिळवायला स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली होती म्हणतात. १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’मधल्या डेव्ह डेव्हिसनं ब्लेडनं कोन चिरला आणि ‘यू रिअली गॉट मी’ वाजवलं. पण त्यांनी ते मुद्दाम केलं होतं. माझं नुसतंच फाटलं होतं.

बरं, सहा वर्षांनी मला गिटारची आठवण का झाली? तर आमच्या कॉलेजच्या बॅचनं डिसेंबरात गेट-टुगेदर ठरवलं होतं आणि आमच्या तेव्हाच्या बँडच्या ड्रमरनं ग्रुपवर परस्पर जाहीर करून टाकलं, की ‘आपण वाजवतोय’. कुणाला न विचारता. हा माणूस कॉलेजातही असाच होता.

बायको परत आल्यावर तिला चीर दाखवली. ती म्हणाली, “विकायचा की दुरुस्त करायचा, एकदाच काय ते ठरव. कपड्यांसाठी मी दुसरं टेबल आणीन.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. २०१० मध्ये पहिल्या मोठ्या बोनसमधून घेतलेला हा १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प. घरात त्याला आता सगळे टेबल समजतात, आणि चूक त्यांची नाही.

मी ठरवलं, दुरुस्त करायचा. आणि मग जे आयटीवाला करतो तेच केलं. एक्सेल शीट उघडलं.

चौदा स्पीकर, नऊ कॉलम. लंचमध्ये रिव्ह्यू, कॉल म्यूट करून रिव्ह्यू, रात्री लेक झोपल्यावर रिव्ह्यू. गिटार स्पीकरबद्दल माणसं जी विशेषणं वापरतात ती वाचून मी थक्क झालो. क्रीमी, वुडी, स्मोकी, चॉकलेटी. पुण्यात मिसळीबद्दलही लोक इतके हळवे होत नाहीत. त्या विशेषणांच्या खाली जो खरा फंडा आहे, तो मात्र साधा आहे. चारच गोष्टी.

पहिली, साइज. बारा इंची काढला तर बारा इंचीच बसणार.

दुसरी, ओम. अ‍ॅम्पच्या मागे ८ लिहिलंय तर ८ ओमचाच घ्यायचा. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याचं गणित त्याच आकड्यावर बेतलेलं असतं. आणि हो, स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवायचा नाही. ट्रान्सफॉर्मरच जळू शकतो आणि तो खर्च स्पीकरपेक्षा भारी पडतो.

तिसरी, वॅट. स्पीकरचे वॅट म्हणजे तो किती सोसतो, किती मोठा वाजतो ते नव्हे. माझा अ‍ॅम्प १५ वॅटचा, पण पूर्ण पिळला तर १५ च्या पुढे जातो. म्हणून स्पीकर २५ चा तरी हवा.

चौथी गोष्ट बहुतेक जण वाचतच नाहीत. सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो आकडा. इथे तीन डेसिबल वाढले, म्हणजे अ‍ॅम्पची ताकद जवळजवळ दुप्पट झाल्यासारखं. अ‍ॅम्प तोच, नॉब तिथंच, आणि शेजारी मात्र दारात.

चौदातले दोन उरले. दोन्ही सेलेशन या इंग्लिश कंपनीचे. एक ग्रीनबॅक. मागच्या मॅग्नेटवर हिरवं प्लॅस्टिकचं झाकण असतं, म्हणून हे नाव. साठच्या दशकात मार्शलच्या अ‍ॅम्पमधून जो आवाज जगभर गेला, तो बराचसा याचा. २५ वॅट, ९८ डेसिबल. किनरे सूर मऊ, थोडं जोरात वाजवलं की कोन स्वतःच जरासा कुरकुरायला लागतो, आणि ती कुरकुर कानाला गोड लागते. दुसरा व्हिंटेज ३०. हा १९८६ चा. नाव व्हिंटेज, पण जन्म ऐंशीच्या दशकातला. नावात ३०, पण सोसतो ६० वॅट. १०० डेसिबल. मधल्या पट्टीच्या वरचा भाग असा काही पुढे येतो, की ड्रम आणि बेसच्या गर्दीतूनही गिटार बरोबर बाहेर काढतो. डिसेंबरचा कार्यक्रम डोळ्यासमोर आणला की माझं बोट व्हिंटेज ३० वर जायचं. रात्री साडेअकराला, लेक शेजारच्या खोलीत झोपलेली असताना, ग्रीनबॅकवर.

मधेच एका शनिवारी बुधवार पेठेत तापकीर गल्लीतही जाऊन आलो. काउंटरवरच्या पोरानं एक बारा इंची स्पीकर दाणकन पुढ्यात ठेवला. “घ्या साहेब, दोनशे वॅट. बेस असा मारतो, खिडक्या हलतात.” किंमत माझ्या यादीतल्या स्पीकरच्या निम्म्याहूनही कमी. मोह झाला. पण इथेच बरेच जण फसतात. गाणी ऐकायचा स्पीकर आणि गिटारचा स्पीकर ही वेगळी जात आहे. गाण्यांचा स्पीकर जेवढं आत येईल तेवढं इमानदारीत बाहेर सोडतो. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं गाळून टाकतो. आणि ते गाळणंच तर हवं असतं! डिस्टॉर्शन लावलं की आवाजात वरच्या पट्टीचा प्रचंड कचरा तयार होतो. तो जसाच्या तसा बाहेर आला तर तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्रर्र ऐकू येतं. रॉक गिटारचा अर्धा गोडवा त्या जाड कागदाच्या कोनात असतो, त्याला जे जमत नाही त्यात असतो.

पोराला थँक्स म्हणून परत आलो. निर्णय तिथल्या तिथेच.

त्या रविवारी अण्णांचा फोन आला. दर रविवारी येतो. आधी नात, मग सून, शेवटी मी, असा क्रम. लेकीनं सांगून टाकलं, “आजोबा, बाबांचा स्पीकर फाटला.”

फोन माझ्याकडे आला. “केवढा?”

“बारा इंची.”

“कॉइल घासतीय का?”

“माहीत नाही.”

“मग काय बघितलंस? घेऊन ये.”

इथे थोडं मागे जावं लागेल. कराडला अण्णांचा साऊंड सर्व्हिसचा धंदा होता. लग्नं, गणपती, सभा, कीर्तन. दोन भोंगे, चार कॉलम, एक मिक्सर आणि एक टेम्पो. दुकानाच्या बोर्डावर माझं नाव. बारशाच्या महिन्यातच त्यांनी बोर्ड रंगवून घेतला होता. लहानपणी मला त्याचा कोण अभिमान! लग्नात ‘माइक टेस्टिंग, हॅलो, हॅलो’ म्हणायचा मान माझा असायचा. पुण्याला इंजिनिअरिंगला आलो आणि तो अभिमान कुठे विरघळला, कळलं नाही. ‘फादर काय करतात?’ या प्रश्नावर मी म्हणायचो, “इलेक्ट्रॉनिक्सचा बिझनेस आहे.” खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

२००५ च्या गॅदरिंगला आमचा बँड पहिल्यांदा वाजवणार होता. अण्णांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “मी येतो सेट घेऊन. टेम्पोचं डिझेल तेवढं माझं मी बघतो.” मी म्हणालो, “नको, कॉलेजनं साऊंड ठरवलाय.” कॉलेजनं काहीही ठरवलं नव्हतं. आम्ही चौघांनी पैसे काढून मिळेल तो सेट भाड्यानं आणला. त्या रात्री पहिल्या गाण्यापासून माइक शिट्ट्या मारत होता आणि गिटार कुणालाही ऐकू गेली नाही. अण्णांनी फोन करून विचारलं, “साऊंड कसा होता?” मी म्हणालो, “सॉलिड.”

पुढे मोठमोठे डीजे सेट आले, अण्णांचं वय झालं, आणि एके दिवशी शटर खाली आलं ते कायमचं. सामान मात्र त्यांनी विकलं नाही.

तर पुढच्या शनिवारी फाटका स्पीकर टॉवेलात गुंडाळून मी कराडला गेलो. अण्णांनी शटर वर केलं. आत तोच वास. सोल्डरिंगचा, धुळीचा, जुन्या लाकडाचा. त्यांनी स्पीकर टेबलावर ठेवला, दोन्ही अंगठे कोनवर टेकवले आणि अगदी हळू आत दाबला. डोळे मिटलेले.

“घासतीय. हात लाव.”

मी लावला. वाळू चोळल्यासारखं बारीक काहीतरी बोटांना कळलं. आवाज नव्हताच, नुसता स्पर्श. मग मीटर लावला. ६.४.

“आठ ओमचा आहे ना, मग सहा का दाखवतोय?”

“मीटरवर आठाचा सहा-साडेसहाच दिसतो. घाबरायचं नाही.” ते चीर निरखत राहिले. “नुसतं फाटलं असतं तर पातळ कागद आणि गम लावून तुला वर्षभर चालवून दिलं असतं. पण कॉइलच सरकलीय. नवा कोन घालावा लागतोय. तू नवीनच घे. हा राहू दे माझ्याकडं.”

मी मोबाइलवर एक्सेल शीट काढलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ वर-खाली केलं. “हे क्रीमी म्हणजे काय? बासुंदी आहे का?” मग मोबाइल परत दिला आणि विचारलं, “खोली केवढी आहे?”

हा त्यांचा धंद्यातला पहिला प्रश्न. मुलीचा बाप, मंडळाचा अध्यक्ष, कुणीही आलं की आधी हाच. मंडप केवढा, माणसं किती, मग पुढचं.

“बारा बाय दहा,” मी म्हणालो. “पण अण्णा, डिसेंबरात कार्यक्रम आहे. हॉल आहे. दीडशे माणसं.”

“ती एक रात्र झाली. बाकीच्या रात्री?”

मी गप्प.

“आणि हॉलमध्ये तुझ्या डब्यापुढं ते माइक लावतील का नाही? मग हॉलभर वाजवायचं काम हॉलच्या स्पीकरचं. तुझं काम त्या माइकपुरतं. हॉल बघून घेतलास तर खोलीत तुला आवाज सोडताच येणार नाही. सहा महिन्यांत परत त्याच्यावर कपडे ठेवशील.”

कपड्यांचं त्यांना कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. बहुधा नातीनं.

मी दोन्ही स्पीकरचे आकडे दाखवले. डेसिबलचा आकडा मात्र त्यांना समजावून सांगावा लागला नाही. “भोंगा एवढ्याशा वॅटमध्ये अख्खं गाव उठवतो, ते काय उगीच?” दोन डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीत जवळपास दीडपट. माझा १५ वॅटचा अ‍ॅम्प व्हिंटेज ३० वर २४ वॅटचा आव आणणार. बारा बाय दहाच्या खोलीत. ट्यूब अ‍ॅम्पचा खरा आवाज तर तो थोडा ताणल्यावरच येतो. म्हणजे मला मोठ्या आवाजाचा स्पीकर नकोच होता. मला जरा कमी बोलणारा हवा होता, म्हणजे अ‍ॅम्पला तोंड उघडता आलं असतं.

निघताना अण्णा म्हणाले, “पोरगी जवळ असली की बारीक लाव.” मग स्वतःच्या उजव्या कानाला हात लावून दाखवला. तीस वर्षं भोंग्याखाली उभं राहून त्या कानातले किनरे सूर गेलेत. सततच्या मोठ्या आवाजानं आधी तेच जातात. पाखरं, कुकरची शिट्टी, नातीचं कुजबुजणं. मला वाटायचं, ते फोनवर कमी बोलतात कारण त्यांचा स्वभाव तसा आहे.

ग्रीनबॅक मागवला. मुंबईच्या एका म्युझिक शॉपमधून यायला तीन आठवडे लागले. फोन करून अण्णांना सांगितलं, तर ते एसटीनं स्वतः हजर. पिशवीत स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर.

प्लग काढून अ‍ॅम्प पालथा घातला. आठ स्क्रू. अण्णांनी एकही पहिल्यांदा पूर्ण आवळू दिला नाही. आधी समोरासमोरचे दोन, मग आडवे दोन, थोडे थोडे. “एका बाजूनं पिळलास तर फ्रेम वाकडी होती आणि परत कॉइल घासती.” चाकाचे नट आवळतात तसंच. लेक टॉर्च धरून उभी होती. ‘माइक टेस्टिंग’चा मान आता तिचा.

प्लग लावला. पहिला सूर जरा ताठ आला. नवा स्पीकर असाच असतो, नव्या चपलेसारखा. वाजून वाजून मोकळा होतो. पण फर्रर्र नव्हतं. नॉब अर्ध्याच्या थोडा पुढे नेला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, घरात, दार लावून, त्या अ‍ॅम्पनं तो आवाज काढला ज्यासाठी मी तो घेतला होता. जाड, थोडा खरखरीत, कडेनं मऊ.

अण्णा सोफ्यावरून उठले आणि अ‍ॅम्पच्या पाठीवर तळहात टेकवून उभे राहिले. कानानं नाही, हातानं ऐकत होते. दोन गाणी तसेच उभे होते.

“साफ आहे,” म्हणाले.

बेल वाजली नाही. शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये फक्त विचारलं, “काल कुणी पाहुणे होते का?”

डिसेंबरात गेट-टुगेदर झालं. आमचं बँड म्हणून जे काही व्हायचं ते झालं. दोन गाणी बरी गेली, तिसऱ्यात ड्रमर आणि मी वेगवेगळ्या ठिकाणी संपलो. पण सुरुवातीला, साऊंड चेकच्या वेळी, साऊंडवाला पोरगा माइक घेऊन माझ्या अ‍ॅम्पसमोर बसला आणि त्यानं तो कोनच्या बरोबर मधोमध लावला. मी म्हणालो, “जरा कडेला घे ना. मधे टोचरा येतो.” त्यानं सरकवला, हेडफोन लावून ऐकलं आणि मान डोलावली.

कार्यक्रम संपल्यावर मी माझी केबल गुंडाळत होतो. एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. सहावीत असताना कराडच्या दुकानात बसून शिकलोय, हात आपोआप चालतात. पोरगा बघत होता.

“दादा, तुम्ही लाइनमधले का?”

ड्रमर, बेसिस्ट, गायक, तिघंही शेजारीच उभे. २००५ ला पैसे काढणारे तेच तिघं.

“नाही,” मी म्हणालो. “वडिलांचा साऊंडचा धंदा होता. कराडला.”

ड्रमरनं वळून पाहिलं. “च्यायला, मग तेव्हा आपण भाड्यानं का आणला होता?”

मी केबल पूर्ण गुंडाळली, टोकाला गाठ मारली. म्हणालो, “चूक माझी होती. चला, चहा घेऊ. सांगतो.”